पहिल्या पानाची गॅरंटी

पाचगणीच्या टेबल लँडबद्दल इंटरनेटवर काहीही वाचायला घ्या, तिसऱ्या-चौथ्या वाक्यात ते आशियातलं दुसऱ्या क्रमांकाचं पठार असल्याचं सांगितलेलं असतं. पहिला क्रमांक अर्थात तिबेटचा. हॉटेलांच्या, सहल कंपन्यांच्या, टॅक्सीवाल्यांच्या, ‘पाहण्यासारखी दहा ठिकाणं’ छापाच्या पानांवर हे वाक्य शब्दांची थोडी अदलाबदल होऊन पुन्हा पुन्हा भेटतं. तिबेटचं पठार सुमारे २५ लाख चौरस किलोमीटर पसरलेलं आहे. टेबल लँड म्हणजे जांभ्या दगडाचा शंभरेक एकरांचा सपाट माथा, घोडागाडीच्या एका फेरीत पाहून होणारा. शिवाय हा माथा ज्याच्यावर उभा आहे ते अख्खं दख्खनचं पठारही आशियातच आहे, हे लिहिणाऱ्यांपैकी कुणाच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

यात कुणी ठरवून लबाडी केली असं नाही. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उचललं, तिसऱ्याने दुसऱ्याच्या पानाची लिंक दिली, आणि चौथ्याला वाटलं, एवढे जण म्हणतात त्या अर्थी खरंच असणार. सर्च इंजिनाचं मूळ तर्कशास्त्रही याच जातीचं आहे. ज्या पानाकडे पुष्कळ जण बोट दाखवतात ते पान महत्त्वाचं असणार, असं ते धरून चालतं. नुसत्या निष्काळजीपणाने टेबल लँडला आशियात दुसरा नंबर मिळत असेल, तर पैसे मोजून, ठरवून बोटं दाखवायला लावली तर काय मिळेल? हा विचार धंदेवाइकांच्या डोक्यात पंचवीस वर्षांपूर्वीच आला आणि त्यातून बॅकलिंकचा, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंकांचा, बाजार उभा राहिला. त्याचा इतिहास बहुतेक वेळा अमेरिकी कंपन्यांच्या नजरेतून सांगितला जातो. पाचगणी हे शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईहून येणाऱ्या गर्दीवर जगणारं गाव आहे. म्हणजेच ‘हॉटेल्स इन पाचगणी’ असं मोबाइलवर टाइप करणाऱ्या अंगठ्यांवर. तिथून पाहिलं की या बाजाराची एक वेगळी बाजू दिसते.

मूळ कल्पना ग्रंथालयशास्त्रातली. यूजीन गारफिल्ड यांनी १९६४मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ सुरू केला, तेव्हा कोणत्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर किती निबंधांनी केला याची पद्धतशीर मोजणी सुरू झाली. स्टॅनफर्डमध्ये शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८मध्ये हाच हिशेब वेबला लावला आणि त्यात एक भर घातली: सगळे उल्लेख सारख्या वजनाचे धरायचे नाहीत. लग्नाच्या स्थळाची चौकशी करताना आपण हेच करतो. मुलगा चांगला आहे असं किती जण म्हणाले यापेक्षा कोण म्हणालं हे पाहतो, आणि त्या म्हणणाऱ्याच्या शब्दाला गावात किती किंमत आहे तेही पाहतो. पेजरँक या त्यांच्या पद्धतीत प्रत्येक पान आपलं वजन आपण दिलेल्या लिंकांमध्ये वाटून टाकतं आणि त्या पानाचं वजन त्याला मिळालेल्या लिंकांवरून ठरतं. गणित गोल गोल फिरत एका आकड्याशी स्थिरावतं. वाचणारा माणूस कंटाळून कधीतरी भलत्याच पानावर उडी मारणार, हेही त्यात धरलेलं आहे. त्यासाठीचा गुणक त्यांनी साधारण ०.८५ ठेवला होता.

या पद्धतीत कुणी खोटेपणा केला तर काय, हा प्रश्न पेज आणि ब्रिन यांना सुचला नव्हता असं नाही. पेजरँकवरच्या त्या वर्षीच्या निबंधात व्यापारी हितसंबंधांकडून होणाऱ्या चलाखीवर वेगळा भाग आहे. त्यातला मुद्दा असा, की फार तर एखादा माणूस महत्त्वाच्या साइटवर पैसे देऊन लिंक मिळवील. पण त्याला पैसे लागतात, म्हणून हे आटोक्यात राहील. आज हे वाचताना हसू येतं. ज्याला पैसे लागतात ते आटोक्यात राहतं, असं वाटायला माणूस विद्यार्थीच असावा लागतो. त्यांनी ज्याला अडसर समजलं, तेच पुढे वस्तूचं विक्रीमूल्य झालं.

बाजाराला भावफलकही गुगलनेच पुरवला. २०००मध्ये आलेल्या गुगल टूलबारमध्ये उघडलेल्या पानाचा पेजरँक शून्य ते दहा या पट्टीवर दिसायचा. आता सहा नंबरच्या साइटवरची लिंक चार नंबरच्या साइटवरच्या लिंकेपेक्षा महाग, हे कुणालाही कळू लागलं. ओक्लाहोमातल्या सर्चकिंग या कंपनीने २००२मध्ये चक्क अशा लिंकांची दलाली सुरू केली. गुगलने तिचा पेजरँक खाली आणला, तेव्हा ती कोर्टात गेली आणि २००३मध्ये हरली. कोर्ट म्हणालं, रँकिंग हे गुगलचं मत आहे आणि मत बाळगण्याला घटनेचं संरक्षण आहे. हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण त्याचं पाणी पुढे लांबवर झिरपलं.

नंतरच्या वर्षांत लिंका मिळवण्याचे प्रकार वाढत गेले. एकमेकांना लिंका देणाऱ्या शेकडो फालतू साइटांचे लिंक फार्म झाले. टिप्पण्यांच्या चौकटीत यंत्राने लिंका ओतल्या गेल्या. वेबसाइटसाठी फुकट वाटलेल्या थीमच्या तळाशी जुगाराच्या साइटची लिंक लपवली गेली. मालकाने नूतनीकरण न केलेली, पण पूर्वी नाव असलेली डोमेन विकत घेऊन त्यांच्या पुण्याईवर नवा माल चढवला गेला. हे शेवटचं अजूनही जोरात चालतं. वर वर पाहता सभ्य दिसणारा प्रकार म्हणजे ‘गेस्ट पोस्ट’: पाहुणा लेखक म्हणून ५०० शब्दांचा लेख द्यायचा आणि त्यात कुठेतरी मध्येच आपली लिंक पेरायची.

आता पाचगणीत या. समजा, दांडेघरच्या बाजूला दहा खोल्यांचं हॉटेल चालवणारा एक मालक आहे. दिवाळी, नाताळ आणि मे महिना सोडला तर आठवड्यातले चार दिवस खोल्या रिकाम्या. बुकिंग आलंच तर मोठ्या पोर्टलमार्फत, आणि त्याचं कमिशन जड. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटींचा दंड ठोठावला, तेव्हा त्याच्या मुळाशी हॉटेलवाल्यांच्या संघटनेची तक्रार होती. पोर्टलच्या कचाट्यातून सुटायचं तर आपली स्वतःची साइट शोधात वर आली पाहिजे, हे मालकाला पटलेलं असतं. त्याच सुमारास एका एजन्सीचा फोन येतो. ‘सर, तुमची साइट पाचव्या पानावर आहे. सहा महिन्यांत फर्स्ट पेज, गॅरंटी.’

पॅकेज असं असतं: महिन्याला इतक्या बॅकलिंक, इतक्या डिरेक्टरी, इतके गेस्ट पोस्ट, आणि महिनाअखेरीला एक्सेलमध्ये रिपोर्ट. रिपोर्टात साइटांची नावं, त्यांच्यापुढे ‘डीए ४०’, ‘डीए ५५’ असे आकडे, आणि लिंक ‘डूफॉलो’, म्हणजे रँकिंगसाठी मोजली जाणारी, असल्याची ग्वाही. हा डीए म्हणजे डोमेन अथॉरिटी, मॉझ नावाच्या खासगी कंपनीने काढलेला अंदाज. गुगल तो वापरत नाही. गुगलने टूलबारमधला पेजरँक २०१६मध्ये बंद केला, तेव्हा बाजाराला नवा भावफलक हवा होता. तो या आकड्याने पुरवला, आणि आज लिंक विकणारा आणि घेणारा दोघेही एका तिसऱ्याच्या अंदाजावर व्यवहार करतात. मालकाच्या हातात पडतं ते एवढंच. त्या यादीतल्या साइटांवर पाचगणीच्या हॉटेलशेजारी कर्जाची, केस गळतीच्या औषधाची आणि क्रिकेट बेटिंगची लिंक असते. ती कुणी उघडून पाहत नाही. पाहणं हा त्या लिंकेचा हेतूच नसतो.

सर्च इंजिनांनी या सगळ्यावर काय केलं, त्याची दोन युगं पडतात असं मला वाटतं. पहिलं शिक्षेचं आणि दुसरं दुर्लक्षाचं. दोन्हींच्या आधी एक सभ्य प्रयत्न झाला होता. जानेवारी २००५मध्ये गुगल, याहू आणि एमएसएनने मिळून ‘नोफॉलो’ ही खूण आणली. लिंक द्या, पण ती आमची शिफारस नाही असं यंत्राला सांगा. विकिपीडियाने २००७मध्ये आपल्या सगळ्या बाह्य लिंकांना ही खूण लावली. २०१९मध्ये गुगलने पैसे घेऊन दिलेल्या लिंकेसाठी ‘स्पॉन्सर्ड’ अशी वेगळी खूणही दिली. म्हणजे लिंक विकायला गुगलची आजही हरकत नाही. तिच्यावर जाहिरातीचा शेरा मारा, एवढंच म्हणणं आहे. पण शेरा मारलेल्या लिंकेला बाजारात गिऱ्हाईक नाही.

शिक्षेच्या युगातलं गाजलेलं प्रकरण जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचं. २०१०च्या नाताळच्या खरेदीत ‘ड्रेसेस’पासून ‘बेडिंग’पर्यंत कशाचाही शोध घेतला की पेनीच पहिली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या डेव्हिड सीगल यांनी एका जाणकाराकडून तपास करवून घेतला, तेव्हा २०१५ पानांवर पेनीच्या लिंका पेरलेल्या सापडल्या. त्यातल्या कितीतरी पानांचा कपड्यालत्त्याशी काडीचाही संबंध नव्हता. गुगलने फेब्रुवारी २०११मध्ये हाताने कारवाई केली. संध्याकाळी सातला एका प्रवासी बॅगेच्या शोधात पेनी पहिल्या क्रमांकावर होती, नऊला ७१व्या. त्याच महिन्यात ओव्हरस्टॉक ही साइटही खाली ढकलली गेली. विद्यापीठांच्या पानांवर लिंक दिली तर तिथल्या लोकांना ती सवलत देत होती.

एकेकाला पकडून भागेना, तेव्हा २४ एप्रिल २०१२ला खोट्या लिंका आपोआप हुडकणारं गुगलचं ‘पेंग्विन’ हे अल्गोरिदम आलं. इंग्रजीतल्या सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल, असं गुगलने सांगितलं. जर्मन, चिनी, अरबीत सुमारे तीन टक्के, आणि जिथे स्पॅम जास्त त्या पोलिशमध्ये पाच. मराठीचा त्या घोषणेत उल्लेखही नव्हता. २०११च्या जनगणनेत आठ कोटींहून जास्त लोकांची मातृभाषा असलेली ही भाषा शोधाच्या बाजारात मोजण्याइतकी मोठी नव्हती, हा त्याचा सरळ अर्थ.

पेंग्विनने लिंका नुसत्या बाद केल्या नाहीत, साइटच खाली बुडवली. ज्यांनी वर्षानुवर्षं पैसे देऊन लिंका गोळा केल्या होत्या, ते आता पैसे देऊन त्या काढून घेऊ लागले. त्याच सालच्या ऑक्टोबरात गुगलने ‘डिसअव्हाऊ’ची सोय दिली: या लिंकांशी माझा संबंध नाही, असं मालकाने लिहून द्यायचं. बिंगने ती काही महिने आधीच दिली होती. आणि सफाई करूनही सुटका लगेच नव्हतीच. पेंग्विन अधूनमधून चालवलं जाई. पुढची फेरी येईपर्यंत शिक्षा कायम. ऑक्टोबर २०१४ नंतरची फेरी आली ती थेट सप्टेंबर २०१६मध्ये. जवळजवळ दोन वर्षं माणसं चूक सुधारून दारात उभी होती. शिवाय, लिंक द्यायला परवानगी लागत नाही. म्हणजे शत्रूच्या साइटला हजार घाणेरड्या लिंका देऊन तिलाच शिक्षा घडवता येईल का, या भीतीचाही एक धंदा झाला.

२०१६च्या पेंग्विनपासून दुसरं युग सुरू झालं. ते गुगलच्या मुख्य यंत्रणेत कायमचं मुरलं आणि त्याने साइट बुडवण्याऐवजी खोट्या लिंकांची किंमत शून्य धरायला सुरुवात केली. पुढे ‘स्पॅमब्रेन’ ही शिकणारी यंत्रणा आली आणि डिसेंबर २०२२मध्ये ती खास लिंकांवर सोडण्यात आली. विकत घेणाऱ्या आणि विकणाऱ्या दोन्ही साइटा ती ओळखते, असं गुगल सांगतं. मार्च २०२४च्या नियमांत जुन्या डोमेनचा गैरवापर आणि दुसऱ्याच्या प्रतिष्ठेवर माल खपवणं यांची नावं घेतली गेली. हाताने होणारी कारवाई अजून आहे, तिची नोटीस सर्च कन्सोल या गुगलच्या साइटमालकांसाठीच्या सोयीत येते. पण बहुतेक खोट्या लिंकांच्या नशिबी आता नोटीस येत नाही. त्या मोजल्याच जात नाहीत.

तंत्र म्हणून हे पाऊल उत्तम होतं. निरपराधाला शिक्षा होण्याची भीती गेली, शत्रूच्या नावाने लिंका पेरण्याचा धंदा बसला, डिसअव्हाऊची गरज इतकी उरली नाही की बिंगने २०२३मध्ये ती सोयच काढून टाकली. या विषयावर लिहिणारे बहुतेक जण इथेच थांबतात. माझं म्हणणं इथून पुढे आहे. शिक्षा होती तोवर निदान निकाल कळत होता. पेनीला दोन तासांत कळलं. दांडेघरच्या मालकाला कधीच कळणार नाही. त्याने सहा महिने घेतलेल्या लिंका जिवंत आहेत की मेलेल्या, हे गुगल त्याला सांगत नाही. सर्च कन्सोल त्याला कोणकोणत्या साइटांनी लिंक दिली याची यादी दाखवतं. त्यातल्या किती मोजल्या हे दाखवत नाही. साइट वर आली तर श्रेय एजन्सीचं. आली नाही तर ‘सर, कॉम्पिटिशन वाढलंय, पॅकेज वाढवू या’. मेलेला माल जिवंत म्हणून विकण्याची सोय गुगलच्या गप्प राहण्याने करून दिली आहे. बनवाबनवी करून वर चढणाऱ्याचा बंदोबस्त झाला. बनवला जाणारा मात्र आहे तिथेच आहे, आणि तो आता बहुतांशी लिंक विकत घेणारा लहान धंदेवालाच आहे.

गुगलचं यावर उत्तर ठरलेलं आहे आणि ते पोकळ नाही. कोणती लिंक चालली हे सांगितलं, तर उद्या तसल्याच लिंका विकल्या जातील. टूलबारने हेच तर शिकवलं. पण रशियात झालेला एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. यांडेक्स या तिथल्या सर्च इंजिनाने २०१४मध्ये मॉस्को परिसरातल्या व्यापारी शोधांसाठी लिंकांना रँकिंगमधून बाहेर काढलं, आणि हे आधी जाहीर करून केलं. तरीही लिंका विकल्या जातच राहिल्या. म्हणून मे २०१५मध्ये ‘मिनुसिन्स्क’ नावाची शिक्षा आणावी लागली, आणि त्याआधी साइटमालकांना एकेक करून इशारे पाठवण्यात आले. चव्हाट्यावर केलेली घोषणा कुणी ऐकत नाही. आपल्या नावाने चिठ्ठी आली की ऐकतात. गुगलने एकेका लिंकेचा हिशेब देऊ नये. पण साइटच्या खऱ्या मालकाला ‘तुमच्याकडे येणाऱ्या लिंकांपैकी बहुसंख्य आम्ही धरत नाही’ एवढं एक वाक्य सर्च कन्सोलमध्ये दाखवलं, तर त्यातून कुठल्या चोराला कसली किल्ली मिळते, हे मला समजलेलं नाही.

विकत घेतलेली शिफारस महाराष्ट्राला नवी नाही. २००९च्या विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त दाखवून दिलं, की एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत एकच मजकूर शब्दशः, बातमी म्हणून छापून आला होता. प्रेस कौन्सिलने नेमलेल्या दोन सदस्यांच्या समितीने २०१०मध्ये ‘पेड न्यूज’वर अहवाल दिला. लिंकांच्या जाळ्याशी याचं साम्य दोन ठिकाणी आहे. एक, चोरी सापडली ती सारखेपणामुळे. स्पॅमब्रेनसारखी यंत्रणाही तेच पाहते: एकाच ठिकाणाहून चालणाऱ्या साइटा, तोच तो लिंकेचा मजकूर, एकाच आठवड्यात उगवलेली शंभर पानं. खरी माणसं एकमेकांसारखं लिहीत नाहीत. दोन, विकली जाते ती वर्तमानपत्राची पत.

त्यामुळेच वर्तमानपत्रं या बाजारात बळी नाहीत, भागीदार आहेत. ब्रिटनमध्ये इंटरफ्लोरा या फुलांच्या कंपनीने प्रादेशिक वृत्तपत्रांत जाहिरातीवजा लेख छापून लिंका मिळवल्या. फेब्रुवारी २०१३मध्ये, तिथला मदर्स डे तोंडावर असताना, ती स्वतःच्या नावाच्या शोधातूनही नाहीशी झाली. अकरा दिवसांनी परत आली, पण त्या वृत्तपत्रांचा पेजरँकही घसरला होता. आता प्रकार आणखी पुढे गेला आहे. मोठं वृत्तपत्र आपल्या डोमेनचा एक कोपरा कुपनवाल्याला किंवा कर्जाची तुलना करणाऱ्याला भाड्याने देतं. २०२४च्या नियमांत गुगलने हे बंद करायला घेतलं, तेव्हा युरोपातले प्रकाशक ओरडले, की उत्पन्नाचा हा एक मार्ग राहिला होता. नोव्हेंबर २०२५मध्ये युरोपीय आयोगाने गुगलच्याच या धोरणाची चौकशी सुरू केली. प्रकाशकांची अडचण खरी आहे. तरी वाचकाने विश्वास ठेवला तो संपादकावर, भाडेकरूवर नव्हे, हेही तितकंच खरं.

पत विकायला कुणी तयार नसेल तर ती चोरली जाते, आणि सरकारी पत सगळ्यात स्वस्तात पडते. ‘टेकक्रंच’ने मे २०२४मध्ये दाखवलं, की गोव्यासह अनेक राज्यांच्या ‘गव्ह डॉट इन’ पत्त्यांखालची पानं थेट ऑनलाइन बेटिंगच्या साइटांकडे वळत होती. सरकारी डोमेनला सर्च इंजिन मान देतं, हे त्या चोरांना खात्याच्या अधिकाऱ्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

पाचगणीच्या पर्यटकाचं नुकसान मात्र आता लिंकेपेक्षा दुसरीकडून जास्त होतं. मोबाइलवर हॉटेल शोधलं की आधी नकाशा येतो, आणि तिथला क्रम गुगलच्याच सांगण्यानुसार तीन गोष्टींवर ठरतो: शोधाशी जुळणं, अंतर आणि नाव. नावात लिंका येतात, पण रिव्ह्यूही येतात, म्हणून लिंका विकणारी एजन्सी आता रिव्ह्यूही विकते. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. ते ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक मानकाचं जे होतं तेच त्याचं झालं. नकाशातला फोन नंबर बदलण्याचा प्रकार त्याहून वाईट. बँक ऑफ इंडियाच्या शाखांचे नंबर गुगल मॅप्सवर भामट्यांनी बदलल्याच्या तक्रारी २०१८मध्येच महाराष्ट्र सायबरकडे आल्या होत्या. एप्रिल २०२५मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरू आणि पर्यटकांना सावध केलं: खोट्या बुकिंग साइटा, समाजमाध्यमांवरची बनावट पानं आणि सर्च इंजिनावरच्या पैसे भरून दिलेल्या जाहिराती. यातली शेवटची गोष्ट नीट वाचावी. लिंकेचा खोटा मान मिळवायला सहा महिने लागतात. जाहिरात दुपारपर्यंत सगळ्यात वर बसते, आणि तिचे पैसे गुगलच घेतं. जाहिरातीवर चालणारं सर्च इंजिन जाहिरातदाराच्या बाजूला झुकणारच, असं १९९८च्या आपल्या दुसऱ्या निबंधात पेज आणि ब्रिन यांनीच लिहिलं होतं.

एक गोष्ट लिंकेला कधीच कळत नाही, ती म्हणजे परवाना. जानेवारी २००१च्या अधिसूचनेनं महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि बांधकामावर बंधनं आली. नियम पाळणाऱ्या हॉटेलची साइट आणि नियम धाब्यावर बसवून बांधलेल्या बंगल्याची साइट यांत सर्च इंजिनाला फरक दिसायचं काही कारण नाही. लिंकांची संख्या सारखी असेल तर दोघे सारखेच.

न मागता मिळालेल्या लिंका पाचगणीला आहेत, आणि भरपूर आहेत. सेंट पीटर्स शाळेत १९५०च्या दशकात झांझिबारहून आलेला फारुख बलसारा नावाचा एक मुलगा वसतिगृहात राहत होता. तिथेच त्याने मित्रांना घेऊन ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला. पुढे तो फ्रेडी मर्क्युरी झाला, आणि २०१८च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ चित्रपटानंतर त्याच्यावर नव्याने जे लिहिलं गेलं त्यात पाचगणीचं नाव पुन्हा आलं. त्यासाठी कुणाला पॅकेज घ्यावं लागलं नाही. शेजारच्या भिलारचंही तसंच. ४ मे २०१७ला राज्य सरकारने वेल्समधल्या हे-ऑन-वायच्या धर्तीवर तिथे ‘पुस्तकांचं गाव’ सुरू केलं, तेव्हा २५ ठिकाणी सुमारे १५ हजार पुस्तकं होती. स्ट्रॉबेरीसाठी ओळखलं जाणारं हे गाव पुस्तकांच्या बातम्यांत आलं, कारण बातमी देण्यासारखं काही घडलं होतं.

‘चांगलं काम करा, लिंका आपोआप येतील’ हा सर्च इंजिनांचा आवडता उपदेश या उदाहरणांवर फार छान बसतो आणि म्हणूनच मला तो पुरता पटत नाही. फ्रेडी मर्क्युरी शाळेत शिकून गेला म्हणून दांडेघरच्या हॉटेलला काय मिळतं? दहा खोल्या स्वच्छ ठेवणाऱ्या, पिठलं-भाकरी चांगली वाढणाऱ्या माणसावर कुठलं मासिक लेख लिहीत नाही. त्याचं चांगलं काम लिंक निर्माण करणाऱ्या जातीचं नाहीच. त्याची साक्ष पाहुण्यांकडे असते, आणि पाहुणे लिहितात ते नकाशावर, जिथे विकतच्या साक्षीही आहेत. जी जागा त्याच्या उपयोगाची, तिथली चौकीदारी सगळ्यात ढिली आहे.

दाद मागायची तर कुठे? अमेरिकेत रँकिंग हे मत ठरलं. भारतात स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८मध्ये शोधातल्या पक्षपातासाठी गुगलला १३५.८६ कोटींचा दंड केला खरा, पण तक्रारदार होते भारतमॅट्रिमोनी चालवणारी कंपनी आणि कट्स ही ग्राहकसंस्था. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या ‘डार्क पॅटर्न’ची यादी काढली, त्यात छुपी जाहिरात आहे. पैसे घेऊन दिलेली आणि तसं न सांगितलेली लिंक त्यात बसवता येईल असं मला वाटतं. मात्र त्या नियमाचा रोख ग्राहकाच्या फसवणुकीवर आहे, आणि इथे फसतो तो मालक. एजन्सीशी झालेला करार लेखी असेल तर त्याला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पण तिथे त्याने सेवा व्यापारासाठी घेतली, हा आक्षेप हमखास येतो. ती पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतली हे त्याला सिद्ध करावं लागतं. तेव्हा सगळ्यात स्वस्त बंदोबस्त पैसे देण्याआधीचाच. लिंका कोणत्या साइटांवर देणार त्यांची यादी आधी मागावी, त्यातल्या चार साइटा स्वतः उघडून पाहाव्यात, आणि प्रत्येक लिंकेला ‘स्पॉन्सर्ड’ची खूण लावणार का, हे लेखी विचारावं. खूण लावतो म्हणाले तर ती साधी जाहिरात आहे आणि तिचा भाव जाहिरातीचा असावा. नाही लावत म्हणाले तर ते गुगलच्या नियमाबाहेरचा माल विकताहेत आणि त्याचा परिणाम होईल की नाही, हे त्यांनाही ठाऊक नाही. आणि ‘गॅरंटी’ म्हणजे काय, पैसे परत का, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावं.